उल्लेखांची मोजदाद

आम्हां राळेगावकरांना कापूस ठाऊक आहे. एखाद्याचे वाण चांगले निघाले, की पूर्वी शेजारी त्याची सरकी मागून नेत. शास्त्रज्ञाच्या निबंधाचेही तसेच आहे. पुढचा संशोधक त्याचा आधार घेतो आणि आपल्या निबंधाअखेर तसा उल्लेख करतो. हे उल्लेख मोजणारी सूची यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत १९६४ साली काढली. आज नेमणुकाही पुष्कळदा या आकड्यांवर तोलल्या जातात.

ओबैद सिद्दिकी यांचे उदाहरण घेऊ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पेशीतील रेणूंवरून जीवनव्यापार उलगडणाऱ्या शास्त्राची, म्हणजे रेणवीय जीवशास्त्राची शाखा त्यांनी तेथे उभारली. जीवाणूंवरून ते फळमाशीकडे वळले. उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या माशांच्या मज्जातंतूंविषयीचा निबंध त्यांनी सेमूर बेंझर यांच्यासह १९७६ साली प्रसिद्ध केला. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासारखे संशोधक त्यांच्या हाताखाली घडले. ही घडण कोणत्या सूचीत मोजणार?

प्रथिने मोजण्याची रीत सांगणाऱ्या लाउरींच्या १९५१ च्या निबंधाचा उल्लेख तीन लाखांहून अधिक वेळा झाला, कारण ती रीत प्रयोगशाळेत रोज लागते. उलट, मेंडेलच्या वाटाण्यावरील १८६६ च्या निबंधाकडे १९०० पर्यंत फारसे कोणी पाहिले नाही. आकडा वापर सांगतो, मोल नव्हे. म्हणून सावकाश पिकणारा प्रश्न हाती घेणाऱ्या तरुणाला केवळ आकड्यापायी नाकारू नये. किती सरकी गेली ते खुशाल मोजावे; पीक मात्र शेतात जाऊनच पाहावे, असे आम्हांस वाटते.