घाटाचा सातबारा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास तयार होते. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला हा कारखाना शिरूर तालुक्यात आहे. शेजारच्या खेड तालुक्यात चाकण, म्हणजे गाड्या आणि दुचाक्यांचं आगर. एवढी चाकं जिथं घडतात त्या टापूत मोटारींच्या शर्यतीची आंतरराष्ट्रीय दर्जाची धावपट्टी एकही नाही. शर्यतीचं वेड मात्र पिढीजात आहे. रांजणगावहून मलठण, कवठे येमाई, टाकळी हाजी, जांबूत या बाजूला गेलं की ते वेड जमिनीवर उमटलेलं दिसतं. उताराची एखादी जागा, दोन्ही अंगांना बांध किंवा भिंत, मधून वर चढत गेलेला मातीचा पट्टा आणि माथ्यावर मोकळं रान. याला घाट म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस इथं शेळ्या चरतात. यात्रेच्या दिवशी मुंगी शिरायला जागा नसते.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातला बैलगाडा चार बैलांचा. मागे धुरेला दोन, पुढे जुकाटाला दोन. गाड्यावर कोणी बसत नाही. खाली माणसं बैल धरून उभी असतात, जुंपणी जमली की गाडा सुटतो आणि बैलांच्या पुढे घोडी उधळते. घोडीवर बसलेला पोऱ्या हाच काय तो या शर्यतीतला स्वार. लाऊडस्पीकरवरच्या निवेदकाचं ‘भिर्रर्र’ संपायच्या आत गाडा माथ्यावर पोचलेला असतो. या एका धावेला बारी म्हणतात. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. पूर्वी घड्याळ हातात धरून वेळ घ्यायचे, आता सेकंदाचे अंश दाखवणारी यंत्रं आली आहेत आणि वाद तरीही होतात.

बाहेरच्याला एक गोष्ट चटकन उमगत नाही. इथं दोन गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. प्रत्येक जण एकटा पळतो, घड्याळाशी. ठरलेल्या सेकंदांच्या आत जे जे गाडे येतील ते सगळे पहिल्या क्रमांकात. त्यापुढच्या सेकंदात आलेले दुसऱ्या क्रमांकात. इनाम त्या त्या क्रमांकातल्या गाड्यांत वाटलं जातं. त्यामुळे पहिल्या क्रमांकात एकाच दिवशी वीस गाडे असू शकतात आणि वीस गावांत गुलाल उधळला जाऊ शकतो. सगळ्यांत वेगवान ठरतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो मान वेगळाच. मोटार शर्यतीत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. घाटाची ही वाटणी मला जास्त शहाणपणाची वाटते. गावकीत सगळ्यांनाच पुढच्या वर्षी परत यायचं असतं.

भीमा ओलांडून दौंडकडे निघालं की चढ संपतात. सपाट काळं रान, उसाचे फड, गुऱ्हाळं आणि मधून जाणारी रेल्वे. दौंडपासून पुढे बारामती, फलटणच्या दिशेला शर्यतीची रीतही बदलते. तिकडे छकडी. दोन बैल, वर गाडीवान, सपाट मैदान, शेजारी शेजारी धावणाऱ्या गाड्या आणि गट, सेमीफायनल, फायनल अशी चढती भाजणी. तिथं कायमची वास्तू लागत नाही. पीक निघालेलं रान भाड्यानं घ्यायचं, तासं आखायची आणि शर्यत झाली की शेतकऱ्यानं पुन्हा नांगर घालायचा. घाटाचं तसं नाही. उतार जिथं आहे तिथंच घाट. त्याला जागा बदलता येत नाही, आणि त्याच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कोर्टकचेरीची कथा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. पुढे प्रकरण घटनापीठाकडे गेलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला.

बंदी आकाशातून पडली नव्हती, हे शौकिनांनी मान्य करायला हवं. बैलाची शेपटी पिळणं, टोचणी लावणं, बॅटरीचा शॉक देणं हे प्रकार होत होते, आणि त्याविरुद्ध गावातून फारसा आवाज उठला नाही. प्राणिमित्रांना शिव्या घालणं सोपं होतं. आज नियम म्हणतात की चाबूक, काठी, शॉक काही चालणार नाही, पशुवैद्याचा दाखला हवा, अंतर १,००० मीटरपेक्षा जास्त नको, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त शर्यती नकोत, आणि शर्यतीचं चित्रीकरण करून द्यायचं. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटी आधीपासून पाळल्या असत्या तर ती सात वर्षं वाचली असती, असं म्हणणारे गाडामालकही आता भेटतात.

मला या कायद्यातली व्याख्या सगळ्यांत रंजक वाटते. बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट ही नावं त्यात आहेत. गाडीवान असो वा नसो, दोन्ही चालतं, म्हणजे शिरूर आणि फलटण दोघांचीही सोय झाली. पण शर्यत व्हायची ती जिथं परंपरेनं होत आली आहे अशा जिल्ह्यात, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मंजूर केलेल्या जागी. थोडक्यात, परंपरा जिल्ह्याची आणि जागा कलेक्टरची. यात्रा कमिटीला पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागतो, पन्नास हजारांची अनामत ठेवावी लागते. जिथं पूर्वी पाटलाच्या ओट्यावर तारीख ठरायची तिथं आता फाइल लागते.

फाइल ऐन वेळी कशी फिरते ते आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीनं पाहिलं. बंदी उठल्यावरची पहिली शर्यत तिथं १ जानेवारी २०२२ रोजी व्हायची होती. टोकन वाटून झालं होतं, घाट सजला होता. आदल्या रात्री करोनाच्या निर्बंधांमुळे परवानगी मागे घेतली गेली. लांडेवाडी हे माजी खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांचं गाव, म्हणजे वजन असलेल्या माणसाचा घाट. तिथं हे होतं तर साध्या वाडीची काय कथा. शिरूर लोकसभा मतदारसंघात बैलगाडा हा प्रचाराचा मुद्दा झाला तो उगीच नाही. पुढे फेब्रुवारीत खासदार अमोल कोल्हे यांनी खेड तालुक्यातल्या निमगावच्या घाटात बैलांपुढे घोडीवर बसून दिलेला शब्द पुरा केला, आणि तो दिवस टीव्हीवर दिवसभर चालला.

आता पैशाकडे येऊ. घाट ज्या जमिनीवर आहे ती कुठे गायरान असते, कुठे देवस्थानची, कुठे कुणाच्या खासगी वहिवाटीतली. बांधणी श्रमदानातून आणि वर्गणीतून झालेली. अलीकडे ठिकठिकाणी लोकप्रतिनिधींच्या निधीतून भिंती आणि काँक्रीट आलं. इनामाची रक्कम देणगीदारांची. त्यांची नावं निवेदक बारीगणिक घेतो आणि त्या उल्लेखातच त्यांचा परतावा असतो. मोठ्या शर्यतींत रोख रकमेबरोबर दुचाकी, ट्रॅक्टर, बोलेरो अशी बक्षिसं येऊ लागली. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत तर जेसीबी ठेवला होता. बैलांनी पळायचं आणि इंजिन जिंकायचं, हा विनोद इथं कुणाला विनोद वाटत नाही.

मात्र घाटाच्या नावावर कर्ज नसतं. बंदीच्या वर्षांत घाटांवर गवत माजलं, बाभळी उगवल्या, पण कुठली बँक जप्तीला आली नाही. खर्च थांबला होता का? मुळीच नाही. तो घाटावरून दावणीवर गेला. शर्यतीचा खिल्लार शेतीला जुंपत नाहीत, त्याचा खुराक मात्र रोजचा. पेंड, भरडा, दूध, अंडी, शिवाय माणूस वेगळा. लाखो रुपयांना मागितले गेलेले बैल मालकांनी वर्षानुवर्षं नुसते सांभाळले, काहींनी विकले. संस्थेचा तोटा शेकडो गोठ्यांत वाटला गेला. म्हणून संस्था वाचली आणि घरं झिजली. ताळेबंद नसलेल्या संस्थेचं हेच असतं. ती बुडत नाही, कारण तिच्यासाठी दुसरे बुडतात.

उलटं उदाहरण ग्रेटर नोएडाजवळ आहे. २००७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघाचे अध्यक्ष आणि तेव्हाचे पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांनी फॉर्म्युला वन भारतात आणायची बोलणी पक्की केली. जेपी समूहानं ८७५ एकरांवर बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट उभारलं, आराखडा जर्मनीच्या हर्मन टिल्के यांचा. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या, आणि मग फॉर्म्युला वन गेलं ते गेलंच. हा खेळ नाही, मनोरंजन आहे, असं क्रीडा मंत्रालयाचं म्हणणं होतं, त्यामुळे खेळाच्या सवलती मिळेनात. करमणूक कराचा वाद तर पहिल्या शर्यतीच्या तोंडावरच सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. बैलगाड्याबाबतही सरकारला आधी कप्पाच ठरवावा लागला, क्रूरतेचा की परंपरेचा. कप्पा ठरेपर्यंत धावपट्टीला वाट पाहावी लागते, मग ती मातीची असो की डांबराची.

पण सर्किट खरं अडकलं ते जमिनीत. धावपट्टी हा त्या योजनेचा दर्शनी भाग होता. सभोवतालच्या सुमारे हजार हेक्टरांत घरं, मैदानं, क्रीडानगरी विकून पैसा उभा राहायचा होता. घरं रखडली, देणी थकली. २०२० मध्ये यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणानं थकबाकीपोटी जमिनीचं वाटपच रद्द केलं, आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. दरम्यान २०२३ मध्ये मोटोजीपीची एक शर्यत तिथं झाली. जून २०२४ मध्ये जयप्रकाश असोसिएट्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वर्षातून तीन दिवस चालणाऱ्या गोष्टीचं व्याज ३६५ दिवस चढतं.

इंग्लंडसारख्या मुरलेल्या देशातही हेच घडलं. डॉनिंग्टन पार्क १९३१ पासूनची धावपट्टी. युद्धात ती लष्कराच्या वाहनांचा तळ झाली, १९७१ मध्ये टॉम व्हीटक्रॉफ्ट यांनी विकत घेतली आणि १९७७ मध्ये पुन्हा सुरू केली. जुलै २००८ मध्ये भाडेपट्ट्यावर ती चालवणाऱ्या कंपनीला २०१० पासून सतरा वर्षं ब्रिटिश ग्रां प्री भरवण्याचा करार मिळाला. स्थानिक परिषदेनं जानेवारी २००९ मध्ये पुनर्बांधणीचा परवाना दिला, खोदकाम सुरू झालं, ट्रॅकचा काही भाग उकरला गेला. पैसा रोख्यांतून उभा राहायचा होता. जगभर मंदी होती, रोखे कुणी घेतले नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. शर्यत सिल्व्हरस्टोनला राहिली. व्हीटक्रॉफ्ट कुटुंबानं जागा परत ताब्यात घेऊन खड्डे बुजवले आणि पुढच्याच वर्षी तिथं गाड्या धावू लागल्या. तिथं वाचवलं ते त्या जागेवर पोटच्या पोरासारखा जीव असलेल्या मालकानं. घाटाला असा एक मालक नाही, तिथं मालकी सगळ्यांची आणि जबाबदारी त्या वर्षीच्या कमिटीची.

कर्जाखाली संस्था कशी मरते हे शिरूर-दौंडला नोएडापर्यंत जाऊन शिकायची गरज नाही. न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला. दौंडचा भीमा-पाटस २०२२ मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहाला चालवायला दिला गेला. सभासदाच्या हातात भागपत्र राहिलं आणि किल्ल्या गेल्या. म्हणूनच कुणी घाटाचं ‘स्टेडियम’ करायची, गाळे काढून उत्पन्न वाढवायची भाषा करतो तेव्हा मला धास्ती वाटते. प्रेक्षकांना बसायला पायऱ्या हव्यात, सावली हवी, माथ्यावर बैल थांबवायला पुरेशी मोकळी जागा हवी, गर्दीत बैल घुसू नये म्हणून कठडे हवेत. एवढं जरूर करावं. पण वर्षातून दोन दिवसांच्या वापरावर दहा वर्षांचे हप्ते बसवू नयेत.

घाटावर पुढचं संकट कोर्टातून येईल असं आता वाटत नाही, ते तलाठी कार्यालयातून येईल. शिरूर आणि दौंडचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीच्या आसपास जमिनीचा भाव गुंठ्यावर सांगतात, एकरावर नाही. खासगी रानातला घाट मालकाच्या मर्जीवर टिकतो. आजोबांनी तोंडी दिलेली मोकळीक नातवांच्या वाटणीत टिकेलच असं नाही. माथ्यावरच्या ज्या मोकळ्या रानात बैल पळून थांबतात त्याचे प्लॉट पडले तर भिंती जागच्या जागी राहूनही घाट संपला, कारण थांबायला जागा नसलेल्या घाटात बैल सोडता येत नाही. दुसरा घाट करायला कायदा आड येत नाही, जिल्हाधिकारी नवी जागा मंजूर करू शकतात. पण सोयीचा उतार, माथ्यावर रान, खाली चारशे गाड्यांना उभं राहायला जागा आणि यात्रेच्या देवळापासून चालत जाता येईल एवढं अंतर, हे सगळं गुंठ्याच्या भावानं वर्गणीतून विकत घ्यायचं म्हणजे देणगीदारांची यादी वाचायलाच निवेदकाला अख्खा दिवस लागेल. ज्या गावांचे घाट गायरानात किंवा देवस्थानच्या जमिनीत आहेत त्यांनी ग्रामसभेचा ठराव करून, मोजणी आणून, माथ्यावरच्या रानासकट हद्द कायम करून घ्यावी. चैत्रातल्या यात्रांच्या आधी मोजणी अधिकाऱ्याची तारीख मिळाली तर बरं, कारण एकदा टोकन सुरू झालं की कमिटीला दुसरं काही सुचत नाही.