दाखला आणि विद्या

थेरगावात राहावयास आल्यापासून दर रविवारी सकाळी माझ्या घरी एक छोटासा दरबार भरतो. मी शिकवितो मराठी. पण 'कॉलेजातले सर' म्हटले, की प्रवेशाचे सारे प्रश्न माझ्याच ओटीत पडतात.

गेल्या आषाढात शेजारचे गृहस्थ असेच आले. चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मागे आठवीतली मुलगी, हातात वही.

"सर, ही म्हणते शाळा नको. दिवसभर घरी बसून गणिते सोडविते. उद्या हिला कॉलेजात कोण घेणार?"

मी त्यांना मुंबईच्या मालविका जोशीची हकीकत सांगितली. सातवीनंतर तिने शाळा सोडली आणि घरी अभ्यास केला. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली. दोन रौप्य, एक कांस्य. २०१६ साली तिला अमेरिकेतल्या 'एमआयटी'त प्रवेश मिळाला.

मुलीचे डोळे चमकले. मी म्हटले, "पुढचेही ऐक. बारावीचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नईच्या गणित संस्थेने मात्र तिची तयारी पाहिली आणि तिला एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमाला घेतले."

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आनंदीबाई जोशी बहुतांशी घरीच, नवऱ्याच्या हाताखाली शिकल्या. १८८३ साली पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. विद्या पारखणारा भेटला, तर दाखल्यावाचून अडत नाही. पण असा पारखी दर खिडकीशी बसलेला नसतो.

हे मी कशावरून म्हणतो? वाचकहो, त्यांना सांगितले नाही ते तुम्हांला सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या टेबलाशी मीच बसलो होतो. गॅरेजात काम करणारा एक मुलगा आला. मराठी कादंबऱ्यांवर असा बोलला, की माझे विद्यार्थी बोलणार नाहीत! बारावी मात्र झालेली नव्हती. "आधी दाखला आण," एवढेच मी म्हणालो. 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून परीक्षा देता येते, हे सांगावयाचे सुचले नाही. मागे रांग होती. तो पुन्हा आला नाही.

म्हणून त्या रविवारी मी कागदावर सारे लिहून दिले. सतरा नंबरच्या फॉर्मवर आपल्या बोर्डाची दहावी-बारावी बाहेरून देता येते. १९८९ साली निघालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही वाट आहे. तिथली बारावी आयआयटीलाही चालते, मात्र गुणांची अट आणि प्रवेशपरीक्षा सहसा सुटत नाही. अभ्यास आपल्या मनाचा करावा, पण परीक्षेची तारीख चुकवू नये.

बापलेकीत तह झाला: हे वर्ष शाळेत, मग बघू. आता रविवारी ती वही घेऊन येते. तिची गणिते मला कळत नाहीत. पण मी तिला बसवून घेतो, आणि रांग कितीही मोठी असली तरी घाई करीत नाही.