पापण्यांची अनावर उघडझाप

टिक म्हणजे स्नायूंची अचानक, झटक्यासारखी, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा घशातून तसाच निघणारा आवाज. तिची सुरुवात बहुधा चेहऱ्यावर होते आणि त्यातही डोळ्यांपासून. पाच-सात वर्षांचे मूल जोरजोरात डोळे मिचकावू लागते. काही मुले पापण्या घट्ट आवळतात, काही भुवया उडवतात. काहींची बुबुळे वर किंवा बाजूला फिरून क्षणभर तिथेच थबकतात.

घरच्यांना आधी चष्म्याची शंका येते, आणि ती तपासून घेणे योग्यच. अ‍ॅलर्जीची खाज, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा नंबर यांमुळेही मुले डोळे मिचकावतात. मात्र डोळे निर्दोष निघाले, की ‘वाईट खोड’ हा शिक्का बसतो. मुलावर खरा अन्याय होतो तो इथे.

टिक पूर्णपणे आपोआप होत नाही आणि मुद्दामही केली जात नाही. जरा मोठी मुले सांगतात, की आधी पापणीत जळजळते, खुपल्यासारखे वाटते; मिचकावले की तेवढ्यापुरते बरे वाटते. शिंक थोडा वेळ दाबून धरावी, तशी टिकही दाबता येते. पण मन त्यातच अडकलेल्या मुलाचे फळ्याकडे लक्ष कसे राहणार? रागावल्याने ताण वाढतो आणि ताणाने टिक वाढते.

हालचालींवर लगाम ठेवणारी मेंदूच्या खोल भागातील केंद्रके आणि डोपामिन हे रसायन यांच्याशी या विकाराचा संबंध आहे. पॅरिसमधील जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी 1885 मध्ये अशा नऊ रुग्णांचे वर्णन केले. हालचालींच्या अनेक टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक वर्षाहून अधिक काळ राहिली आणि सुरुवात अठराव्या वर्षाआधीची असली, तर त्याला तुरेत सिंड्रोम म्हणतात.

हाक मारूनही मूल काही सेकंद शून्यात पाहत राहिले, पापण्या फडफडल्या, तर ती टिक नसून फिट असू शकते. उलटीवरचे किंवा मानसिक आजारावरचे काही औषध घेतल्यावर बुबुळे वर खिळली, तर तातडीने डॉक्टर गाठावा.

बहुतेक मुलांची टिक दहा-बारा वर्षांच्या सुमारास ऐन भरात असते, पुढे ओसरते. सौम्य टिकला औषध लागत नाही. त्रास होत असेल, तर जळजळ जाणवताच पापण्या सावकाश, हलकेच मिटण्यासारखी पर्यायी हालचाल शिकवतात. त्याने भागले नाही, तरच क्लोनिडिनसारखी औषधे दिली जातात.