आफ्रिकी कलावारसा आणि दख्खन

'प्रदर्शन' हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. शाळेतील विज्ञान प्रदर्शन, चित्रकला वर्गाचे प्रदर्शन, जत्रेतील वा शेतीमालाचे प्रदर्शन, यांपैकी एखादे तरी तुम्ही पाहिलेच असेल. प्रदर्शन म्हणजे दाखविणे. परंतु एखादी वस्तू दाखविली जाते, तेव्हा तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. ती कोणी दाखविली? कोणाला दाखविली? आणि ती घडविणाऱ्याचे नाव तिच्याखाली लिहिले आहे काय? प्रस्तुत लेखात आफ्रिका खंड आणि कॅरिबियन बेटे येथील लोकांच्या कलेची प्रदर्शने, आणि त्यांचा आपल्या दख्खनशी असलेला संबंध, यांचा विचार करावयाचा आहे. तो करीत असताना हे तीन प्रश्न आपण सतत जवळ बाळगू.

प्रथम थोडा इतिहास पाहू. युरोपातील राष्ट्रांनी आफ्रिकेवर राज्य केले, त्या काळी तेथील वस्तू जहाजे भरभरून युरोपात गेल्या. त्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. पण कलाकृती म्हणून क्वचितच. 'रानटी लोकांची विचित्र वस्तू' अशाच दृष्टीने बहुतेक प्रेक्षक त्यांच्याकडे पाहात. कित्येक प्रदर्शनांतून तर वस्तूंबरोबर माणसेही दाखविली जात. पॅरिस येथे १९३१ साली भरलेल्या वसाहतींच्या भव्य प्रदर्शनात कृत्रिम खेडी उभारून त्यांत वसाहतींतील स्त्रीपुरुषांना आणून बसविले होते. पाहणारा तिकीट काढून आत जाई आणि पाहिले जाणाऱ्याचे नावही त्याला ठाऊक नसे.

हे चित्र पालटू लागले ते आफ्रिकेतील देश स्वतंत्र झाल्यावर. सेनेगल देशाची राजधानी डाकार येथे एप्रिल १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. सेनेगलचे अध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर हे स्वतः मोठे कवी होते, आणि त्यांच्याच पुढाकाराने हा महोत्सव झाला. आफ्रिकेची जुनी शिल्पे आफ्रिकेच्याच भूमीवर, आफ्रिकी यजमानांनी, सन्मानाने मांडली. दाखविणारा आणि ज्याचे दाखवावयाचे तो, हे दोघे येथे एक झाले.

कॅरिबियन बेटांविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जमैका, त्रिनिदाद, क्यूबा, पोर्टो रिको आदी ही बेटे अमेरिका खंडाच्या जवळ आहेत. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतील लक्षावधी माणसांना गुलाम करून अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यात आले. पुढे गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर त्याच मळ्यांवर आपल्या देशातील गिरमिटिया मजूर गेले. त्रिनिदाद व गयाना येथे त्यांचे वंशज आजही आहेत. अर्थात कॅरिबियन वारशात आफ्रिकेच्या शेजारी थोडा हिंदुस्थानही आहे.

याच बेटांपैकी पोर्टो रिकोमध्ये १८७४ साली आर्तुरो शोम्बर्ग जन्मले. लहानपणी एका शिक्षिकेने त्यांना सांगितले की, काळ्या माणसांना इतिहास नाही आणि थोर पुरुषही नाहीत, अशी कथा सांगितली जाते. या बोलाला त्यांनी भांडून उत्तर दिले नाही. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि आयुष्यभर पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे जमवीत राहिले. हा संग्रह १९२६ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला. हार्लेम भागातील ते केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शिक्षकाच्या तोंडून निघालेला एक अविचारी शब्द खोडून काढण्यासाठी एका माणसाला केवढे परिश्रम करावे लागतात, याचे हे उदाहरण आम्हा शिक्षकांनीही मनावर कोरून ठेवण्याजोगे आहे.

आता आपण दख्खनकडे वळू. कारण याच शोम्बर्ग केंद्रात २०१३ साली जे प्रदर्शन भरले, त्याचा विषय होता हिंदुस्थानातील आफ्रिकी लोक. सिल्व्हियान दियूफ आणि केनेथ रॉबिन्स यांनी ते रचले होते. गुलाम म्हणून येथे आलेली माणसे सेनापती आणि राज्यकर्ते कशी झाली, हे जुन्या चित्रांच्या व छायाचित्रांच्या प्रतिकृतींमधून त्यांनी दाखविले. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये हे प्रदर्शन दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातही मांडले गेले. दख्खनच्या इतिहासाचा हा अध्याय न्यूयॉर्कमार्गे दिल्लीस पोचला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या अध्यायातील सर्वांत तेजस्वी पुरुष मलिक अंबर होय. इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मलेला हा मुलगा बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार हिंडून तो अखेर अहमदनगरला निजामशाहीचा मंत्री चंगीझखान याच्याकडे आला. गंमत अशी की, तो मंत्रीही मूळचा हबशी गुलामच होता. पुढे स्वतःच्या कर्तृत्वावर अंबर निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने १६१० साली खडकी हे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद या नावाने प्रसिद्धीस आले व आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. त्याने त्या शहराला भूमिगत नहरीने पाणी दिले. भातवडीच्या १६२४ सालच्या लढाईत शिवछत्रपतींचे वडील शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वृद्धापकाळी मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

या एका पुरुषाची दोन चित्रे प्रसिद्ध आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली, तर चित्र आणि सत्ता यांचे नाते चटकन ध्यानी येते. पहिले चित्र जहांगीर बादशहाच्या दरबारातील अबुल हसन याचे, सुमारे १६१६ सालचे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. मोगलांना अंबरचे शिर मिळाले नाही. रणांगणात जे साधले नाही ते कागदावर साधून घेतले एवढेच. दुसरे चित्र हाशिम या मोगल चित्रकाराचे, सुमारे १६२० सालचे. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात शुभ्र जामा घातलेला, वयस्क, धीरगंभीर अंबर आपल्यासमोर उभा आहे. चित्रकार शत्रुपक्षाचा, परंतु त्याच्या कुंचल्याने त्या चेहऱ्याचा मान राखला आहे. एका चित्राने माणूस तुच्छ केला, दुसऱ्याने तो जसा होता तसा दाखविला. प्रदर्शनांचेही असेच दोन प्रकार असतात.

आपल्या तेलंगणातही या इतिहासाची खूण आहे. हैदराबादेतील 'ए. सी. गार्ड्‌स' ही वस्ती पुष्कळांनी पाहिली असेल. ही आद्याक्षरे निजामाच्या आफ्रिकी घोडदळाची आहेत. त्या स्वारांचे वंशज तेथे राहात आले. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला मात्र नावाचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही.

राजे आणि सेनापती यांची चित्रे दरबारी चित्रकार काढतात. सामान्य माणसाला आपले चित्र स्वतःच रचावे लागते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील रानालगतच्या गावांतून सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील. त्यांपैकी कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. त्यांतील अनेक जण बंधनातून निसटून घाटावरच्या अरण्यात वस्तीला आले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि त्यांच्या घरची बोली कोंकणी आहे. माझीही मातृभाषा कोंकणीच. म्हणून हे वाचताना मला जे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. आफ्रिकेहून आलेल्या माणसांनी आपल्या मूळ भाषा गमावल्या, आणि आमची भाषा आपली करून घेतली.

या सिद्दी स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या व कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला त्या 'कवंदी' म्हणतात. आपल्या आजीची वाकळ आणि कवंदी यांत साम्य पुष्कळ आहे, पण रीत निराळी. कवंदी कडेकडेने शिवीत शिवीत मध्याकडे येते. धावदोऱ्याच्या ओळी चौकटीत चौकट अशा आत सरकत जातात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. कोणी तीवर चंद्रकोर शिवते, कोणी क्रूस. हेन्री ड्र्युअल या अमेरिकन कलाभ्यासकाने या कवंद्या पाहिल्या आणि त्यांची प्रदर्शने अमेरिकेत भरविण्यास साहाय्य केले. नातवंडाला ऊब मिळावी म्हणून शिवलेले वस्त्र संग्रहालयाच्या भिंतीवर चढले. त्या कवंद्यांना जी किंमत मिळते ती शिवणारीच्या हाती जावी यासाठी सिद्दी स्त्रियांची सहकारी संघटनाही उभी राहिली. ही दुसरी गोष्ट पहिलीहून लहान नाही.

आता आपल्या घराशेजारी येऊ. २०१६ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेले आणि आता आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले उशेगाव तुम्हांस ठाऊक असेल. तेथील वोज, म्हणजे ओझा, कारागीर पितळेच्या ज्या मूर्ती, घंटा व दागिने घडवितात, त्या कामाला 'डोकरा' म्हणतात. आधी मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाचे दोरे गुंडाळून बारीक नक्षी उठवावयाची, वरून पुन्हा मातीचा थर द्यावयाचा आणि भट्टीत तापवावयाचे. मेण वितळून वाहून जाते. त्याने सोडलेल्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. २०१८ साली 'आदिलाबाद डोकरा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले.

नेमकी हीच विद्या आफ्रिकेतील बेनिन राज्यात, आजच्या नायजेरियात, शेकडो वर्षांपूर्वी परमोत्कर्षाला पोचली होती. तेथील ओताऱ्यांनी राजांची मस्तके व राजवाड्याच्या खांबांवरील पत्रे अशा नजाकतीने ओतले की, जग आजही थक्क होते. १८९७ साली इंग्रज फौजेने बेनिन नगर जाळून ही संपत्ती लुटून नेली. लागोस येथे १९७७ साली भरलेल्या दुसऱ्या महोत्सवासाठी नायजेरियाने राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा मागितला, तेव्हा ब्रिटिश म्युझियमने तो उसनादेखील दिला नाही. प्रतिकृती करून घ्यावी लागली. अलीकडे वारा बदलला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीने वीस कलाकृती नायजेरियाच्या हाती परत दिल्या. उशेगावचा ओतारी आणि बेनिनचा ओतारी एकमेकांना कधी भेटले नाहीत. तथापि मेण, माती आणि अग्नी यांनी दोघांनाही तोच धडा दिला. कौशल्य कोणा एका वर्णाची मिरासदारी नाही, हे सिद्ध करण्यास याहून वेगळा पुरावा कशास हवा?

आणखी एक दाखला देतो. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत नोव्हेंबर १९८९ मध्ये एक प्रदर्शन उघडले. त्याच्या नावाचा अर्थ 'दुसरी कहाणी' असा होता. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या, परंतु तेथील कलेच्या इतिहासातून वगळल्या गेलेल्या २४ आफ्रिकी, कॅरिबियन व आशियाई कलावंतांना रशीद अराईन यांनी त्यात एकत्र आणले. जमैकाचे शिल्पकार रोनाल्ड मूडी, गयानाचे चित्रकार ऑब्री विल्यम्स यांच्यासमवेत त्यात गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा हेही होते. वगळले जाणे हाही एक नात्याचा धागा असतो.

विद्यार्थिमित्रहो, ही सारी माहिती परीक्षेसाठी नाही. आपल्या वर्गात कोणाला रंगावरून हाक मारली जाते, कोणाच्या बोलीला हसले जाते. गोंड, कोलाम मुलांच्या कानांवर असे शब्द वारंवार पडतात. बोलणारा ते थट्टेत घेतो, ऐकणारा मात्र ते घरी घेऊन जातो. ज्या हातांनी बेनिनची मस्तके आणि उशेगावच्या मूर्ती ओतल्या, ज्या पुरुषाने शहर वसविले, त्यांचा वर्ण कोणता होता हे आठवले, तर अशी थट्टा जिभेवर येणार नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचे दालन मांडाल, तेव्हा एक करा. आजीची वाकळ आणा, गुसाडी नृत्यातील मोरपिसांच्या टोपाचे चित्र काढा, डोकऱ्याची घंटा मिळाल्यास ठेवा. आणि प्रत्येक वस्तूखाली ती कोणी केली, कोणत्या गावी केली आणि ती कशी करतात, हे सुवाच्य अक्षरांत लिहा. नाव ठाऊक नसेल तर विचारून या. ती आजी किंवा तो ओतारी पाहावयास आला, तर त्यास पुढच्या खुर्चीवर बसवा, आणि वस्तूविषयी दोन शब्द त्याच्याच तोंडून ऐका.