अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं तिकीट विद्यार्थ्यांना कसं मिळतं? कुठे तंबू ठोकून, कुठे सोडतीत, तर कुठे मोबाइलवर हजेरी लावून

ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत उतरलेल्या मुलांना पहिल्या दोन आठवड्यांत खोली, बँक खातं, सिमकार्ड आणि विषयांची निवड एवढं सगळं उरकायचं असतं. त्यातच सीनियर विचारतात, 'स्पोर्ट्स पास घेतलास का?' माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधले जे तिकडे गेले, त्यातल्या अनेकांना आधी हा प्रश्नच कळला नव्हता. कॉलेजची मॅच बघायला पास कशाला? आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक जमवायला वर्गावर्गात फिरावं लागतं.

तिकडे उलटं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे. आपल्या वानखेडेत साधारण ३३ हजार लोक बसतात. म्हणजे तीन वानखेडे मावतील एवढं मैदान एका विद्यापीठाच्या मालकीचं, आणि तरीही तिकिटासाठी मारामारी! हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकन फुटबॉल. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर, बहुतेक शनिवारी, १२ नियमित सामने होतात. त्यातले सहा-सातच घरच्या मैदानावर. म्हणून तिकिटाची एवढी ओढ.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यात मराठी मुलंही भरपूर. त्यामुळे ही पद्धत समजून घ्यायला हवी.

विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव का ठेवतात?

बाहेरच्या प्रेक्षकाला बड्या संघाचं सिझन तिकीट महाग पडतं. चांगली जागा हवी असेल तर अनेक विद्यापीठांत आधी देणगी द्यावी लागते. विद्यार्थ्यांना मात्र त्याच मैदानात बऱ्याच कमी दरात प्रवेश मिळतो.

हा निव्वळ दानधर्म नाही. विद्यार्थी तीन-साडेतीन तास उभं राहून ओरडतात. त्या आवाजात पाहुण्या संघाच्या खेळाडूंना एकमेकांच्या सूचना ऐकू येत नाहीत. शिवाय टीव्हीवर भरलेला, रंगलेला स्टँड दिसतो. थोडक्यात, विद्यार्थी हा प्रेक्षकही आहे आणि कार्यक्रमाचा भागही.

प्रश्न एवढाच, की जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर तिकीट द्यायचं कुणाला? प्रत्येक विद्यापीठाचं उत्तर वेगळं आहे.

१. आधी सीनियर, मग ज्युनियर

पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानात विद्यार्थ्यांसाठी सुमारे २१ हजार जागा असतात. मुख्य कॅम्पसवरचे विद्यार्थी त्याच्या दुपटीहून अधिक. तिथे वर्षानुसार वेगवेगळ्या दिवशी ऑनलाइन विक्री होते आणि तिकिटं बघता बघता संपतात. गणपतीच्या दिवसांतलं कोकण रेल्वेचं आरक्षण ज्यांनी केलंय, त्यांना जास्त सांगायला नको. वेळ, नेट आणि नशीब, तिन्ही जुळून यावं लागतं.

२. रांगेत उभे राहा

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पास घेतला म्हणजे काम संपलं असं नाही. सामन्याच्या आठवड्यात मैदानाच्या तिकीट खिडकीवर जाऊन तिकीट काढावं लागतं. सोमवारी शेवटच्या वर्षाचे आणि पदव्युत्तर विद्यार्थी, मंगळवारी तिसऱ्या वर्षाचे, बुधवारी दुसऱ्या वर्षाचे आणि गुरुवारी पहिल्या वर्षाचे, असा क्रम असतो. म्हणजे एमएसचा विद्यार्थी कॅम्पसवर नवा असला तरी रांगेत सीनियर ठरतो. एकजण मित्रांच्या गटाची तिकिटं एकत्र काढू शकतो. मोठा सामना असला की मुलं मैदानाबाहेर तंबू ठोकून पाळीपाळीने मुक्काम करतात.

या हौसेमागे शंभर वर्षांची गोष्ट आहे. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसमधल्या सामन्यात ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते. प्रशिक्षकांनी प्रेक्षकांत असलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. तो गणवेश घालून शेवटपर्यंत तयारीत उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही, संघ जिंकला. तेव्हापासून तिथला प्रत्येक विद्यार्थी स्वतःला संघाचा 'बारावा खेळाडू' मानतो आणि अख्खा सामना उभ्यानेच पाहतो.

३. सोडत

मागणी जागांपेक्षा जास्त झाली की अनेक विद्यापीठं संगणकावर सोडत काढतात. म्हाडासारखंच: नाव नोंदवा आणि वाट बघा. काही ठिकाणी जास्त क्रेडिट पूर्ण केलेल्यांना प्राधान्य असतं. मिळालेलं तिकीट वापरलं नाही आणि परतही केलं नाही, तर काही विद्यापीठं पुढच्या वेळी त्या विद्यार्थ्याला मागे टाकतात.

४. 'फुकट' तिकीट

काही ठिकाणी विद्यार्थ्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. पण पैसे आधीच कापलेले असतात. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने २०१४ मध्ये कॅम्पसवरच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी दर सत्राला ७५ डॉलर खेळ फी सुरू केली. त्या बदल्यात सामन्यांना प्रवेश. मैदानाकडे कधी न फिरकणाराही ही फी भरतो. शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलाच्या दृष्टीने ही रक्कम सहा हजार रुपयांच्या वर जाते, तीही दर सत्राला.

५. मोबाइलवर हजेरी

अलाबामा विद्यापीठाचा प्रश्न वेगळा होता. संघ इतका तगडा, की निकाल अर्ध्यातच कळायचा आणि विद्यार्थी उन्हातून उठून निघून जायचे. प्रशिक्षक निक सेबन यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१९ मध्ये विद्यापीठाने ॲप आणलं. सामन्याला आलात तर १०० गुण, चौथ्या आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबलात तर आणखी २५०. गुण जास्त, तर अंतिम टप्प्यातल्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांसाठी नंबर वर.

विद्यार्थी थांबलाय हे कळतं कसं? फोनच्या लोकेशनवरून. लोकेशन फक्त मैदानातच पाहिलं जातं आणि बाहेर पडल्यावर ॲप बंद करता येतं, असा खुलासा विद्यापीठाने केला. तरी तिकिटासाठी विद्यार्थ्याचा माग काढावा का, यावर तेव्हा बरीच टीका झाली.

पण यात न्याय्य पद्धत कोणती?

इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना हेच शिकवतात. प्रोसेसर एक, कामं अनेक, पाळी कुणाला द्यायची? आधी येईल त्याला, की प्राधान्य असेल त्याला? प्रत्येक पद्धतीत कुणीतरी मागे राहतंच. इथेही तसंच. दर वाढवला तर कर्जावर शिकणारा बाहेर. रांग लावली तर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम करणारा बाहेर. ज्येष्ठता पाहिली तर पहिल्या वर्षाचा बाहेर. हजेरी मोजली तर आपलं लोकेशन द्यायचं नाही म्हणणारा मागे. तिकीट स्वस्त असलं तरी त्याची किंमत कुठल्या ना कुठल्या रूपात द्यावीच लागते.

विद्यापीठालाही फटका बसू शकतो. मिशिगनमध्ये मुलं सामन्याला उशिरा येतात म्हणून २०१३ मध्ये ज्येष्ठतेनुसार जागा देणं बंद झालं आणि 'आधी येईल तो पुढे बसेल' असा नियम आला. सीनियर संतापले. एका वर्षात नियम मागे घ्यावा लागला. तोवर महागडं तिकीट आणि संघाची खराब कामगिरी यांचीही भर पडून विद्यार्थ्यांची तिकीट खरेदी घसरली होती. अखेर २०१५ च्या हंगामासाठी दर जवळपास ४० टक्क्यांनी कमी करून १७५ डॉलरवर आणले गेले.

तिकडे जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा

• पास किंवा सिझन तिकिटाच्या नोंदणीची तारीख प्रवेश पक्का होताच विद्यापीठाच्या वेबसाइटवर पाहा. अनेक ठिकाणी विक्री वर्ग सुरू होण्याआधीच होते.

• खेळ फी तुमच्या सत्राच्या बिलात आधीच आहे का ते तपासा. असेल तर तिकिटासाठी पुन्हा खर्च करू नका.

• विद्यार्थी तिकिटासोबत गेटवर ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. भारतातून आलेल्या आईबाबांना ते तिकीट चालेलच असं नाही. काही विद्यापीठं फरकाची रक्कम घेऊन ते सर्वसाधारण तिकिटात बदलून देतात.

• ग्रुपवर कुणी तिकिटाचा स्क्रीनशॉट विकत असेल तर घेऊ नका. अनेक मोबाइल तिकिटांचा बारकोड सतत बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. अधिकृत ॲपमधून तुमच्या खात्यात तिकीट आल्यावरच पैसे द्या.

• पूर्ण हंगामाचा पास परवडत नसेल तर तुलनेने दुबळ्या संघाविरुद्धचा सामना निवडा. त्याची तिकिटं सहज आणि स्वस्तात मिळतात, आणि स्टँडमधला गोंगाट तिथेही असतोच.