तुमसरचे मँगनीज आणि ताऱ्यांचे कोडे

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइड हे खनिज विजेरीचे कोरडे विद्युतघट बनविण्यासाठी वापरले जाते. हे खनिज जमिनीत कसे साचले, ते भूशास्त्र सांगते. परंतु मँगनीज हे मूलद्रव्य मुळात घडले कोठे, याचे उत्तर मात्र ताऱ्यांकडे मागावे लागते.

निसर्गातील सर्व ज्ञात घडामोडींमागे चार मूलभूत बले आहेत. मँगनीजच्या अणुकेंद्रात २५ प्रोटॉन व ३० न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनांना परस्परांपासून दूर लोटणारे ते विद्युतचुंबकीय बल. विद्युतघटातील विजेच्या मुळाशीही तेच असते. या विरोधाला न जुमानता केंद्र एकत्र बांधून ठेवणारे ते प्रबल बल. प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर घडविणारे ते क्षीण बल. चौथे गुरुत्वाकर्षण अणूच्या पातळीवर नगण्य असले, तरी ताऱ्याच्या प्रचंड वस्तुमानात तेच प्रभावी ठरते.

सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकुंचन पावून श्वेत खुजा तारा बनतो. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत असा तारा या मर्यादेजवळ पोहोचला, की त्याच्या अतिघन गाभ्यात अणुज्वलन भडकते व संपूर्ण ताऱ्याचा स्फोट होतो. त्यात निर्माण होणाऱ्या कोबाल्ट-५५ चे क्षीण बलामुळे लोह-५५ होते आणि लोह-५५ चे मँगनीज. चारही बलांचा हात लागल्यावर ते घडते.

कोडे येथेच आहे. दोन श्वेत खुजे तारे एकमेकांत मिसळूनही, मर्यादा न गाठता, तसाच स्फोट होऊ शकतो. यांपैकी कोणता प्रकार किती वेळा घडतो, हे अद्याप निश्चित झालेले नाही. मँगनीज या वादातील महत्त्वाचा साक्षीदार आहे; कारण मर्यादेजवळच्या दाट गाभ्यात ते अधिक प्रमाणात तयार होते. सूर्यातील मँगनीजचे प्रमाण पाहता, निदान काही स्फोट पहिल्या प्रकारचे असले पाहिजेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचा नाही. याच स्फोटांच्या तेजावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजली जातात. १९९८ मध्ये त्यांवरूनच विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले आणि कृष्ण ऊर्जेची कल्पना पुढे आली. तिचे स्वरूप अजून अज्ञात आहे. आणि जिच्या आधारे तिचा मागोवा लागला, ती मोजपट्टी कशी घडते हेही पुरते कळलेले नाही.

तुमसर भागातील शिक्षकांनी मँगनीजचा खडा वर्गात दाखविताना त्याच्या उपयोगांबरोबर हा अपुरा इतिहासही जरूर सांगावा. पाठ्यपुस्तकात सर्वच उत्तरे आलेली नाहीत, हे विद्यार्थ्यांना आपल्याच मातीतील वस्तूवरून कळेल.