श्वास सोडल्यावर दिसणारा दमा

दम्याचं निदान सीटी स्कॅनवर होत नाही, ते स्पायरोमेट्रीचं, म्हणजे फुंकून करायच्या श्वासचाचणीचं काम. साध्या दम्यात सीटी लागतही नाही, उगाच किरण कशाला? पण पंप नीट घेऊनही धाप थांबत नसेल, तर मी रेडिओलॉजिस्ट म्हणून दोन चित्रं मागते, एक छातीभर श्वास घेतलेलं, दुसरं पूर्ण सोडलेलं. दुसरं जास्त बोलकं. श्वास सोडल्यावर निरोगी फुप्फुस करडं होतं. दम्यात मधेमधे काळे तुकडे उरतात, तिथली हवा अडकलेली असते. २ मिलिमीटरहून बारीक श्वासनळ्या सीटीत थेट दिसत नाहीत, त्या आखडल्याची ही खूण. मोठ्या नळ्यांच्या भिंती मात्र जाड झालेल्या दिसतात.

मी सर्वांत बारकाईनं शोधते ते कफाचे गट्टे. नळीचा काळा पोकळ गोल पांढरा भरीव दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन फाही यांच्या गटानं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८ टक्के दमेकऱ्यांत गट्टे सापडले, निरोगी लोकांत ४.५ टक्के. गट्टे असलेल्या अनेक दमेकऱ्यांना खोकला-कफाची तक्रारच नव्हती! म्हणून ‘कफ नाही’ असं पेशंटनं सांगितलं, तरी मी दोन्ही फुप्फुसांचे मिळून वीसही भाग तपासते. टेझेपेलुमॅब या दम्यावरच्या इंजेक्शनच्या चाचणीत हे गट्टे कमी झालेले सीटीवरच दिसले.